बाबासाहेबांच्या नावाने एक चेक

जयंतीचा हिशेब लागला आणि यंदा पैसे उरले. डीजे न लावल्याचा हा परिणाम. उरलेल्या पैशांचं काय करायचं यावर आमच्या कॉलनीच्या समितीत खरं तर वाद व्हायचं कारण नव्हतं, कारण सगळ्यांच्या तोंडी एकच होतं : बाबासाहेबांच्या नावाने शिष्यवृत्ती. पण समितीत बसलेल्या कुणालाही विचारा, एकमत झालं की खरा वाद सुरू होतो.

वाद घालणारे दोघं होते. एक आमचे सर. निवृत्त मुख्याध्यापक, नागसेनवनात मिलिंद महाविद्यालयात शिकलेले, तेही भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर. दुसऱ्या त्यांच्याच विद्यार्थिनी, आता औरंगाबाद खंडपीठात वकिली करतात. सगळी कॉलनी त्यांना वकीलताई म्हणते, सर मात्र अजून अगं-तुगं करतात. इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं. इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चा झाली’ एवढं लिहून मोकळं व्हायची पद्धत आहे. ती सविस्तर चर्चा इथे देतो. जिथे राहवलं नाही तिथे मीही मध्ये बोललो आहे.

सर : प्रस्ताव साधा आहे. दरवर्षी एक विद्यार्थी निवडायचा, सगळ्यात हुशार. त्याला परदेशी शिकायला जायला हातभार लावायचा. सरकारची परदेश शिष्यवृत्ती मिळाली तरी त्याआधीचा खर्च असतोच. विद्यापीठांचे अर्ज, इंग्रजीची परीक्षा, व्हिसा. आपली पोरं तिथेच गळतात. बाबासाहेबांचं खरं स्मारक हेच. कॉलेजात असताना वडिलांकडचे पैसे संपले, तेव्हा केळुसकर गुरुजींनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. महिना २५ रुपये सुरू झाले आणि एल्फिन्स्टनमधून बी.ए. झालं. मग १९१३ मध्ये त्याच बडोद्याने महिना साडेअकरा पौंडांवर तीन वर्षांसाठी कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. एवढ्या पैशांत यापेक्षा मोठं काम झाल्याचं एक उदाहरण मला दाखव.

ताई : ही गोष्ट तुम्ही आम्हाला सातवीत सांगितली होती, सर. अजून पाठ आहे. पण तुम्ही ती नेहमी न्यूयॉर्कला थांबवता. पुढचं कोण सांगणार? शिकून आल्यावर १० वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करार लिहून घेतला होता. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. लंडनचा अभ्यास अर्धा टाकून ते परतले आणि करार पाळायला बडोद्याला गेले. कोलंबियाचा एम.ए. झालेला माणूस, आणि त्याला राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून पारशांच्या सरायीत राहिले, तर अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन दारात आले. एक मित्र हिंदू, एक ख्रिश्चन. दोघांनीही घरात घ्यायची असमर्थता सांगितली. रात्रीच्या गाडीची वाट बघत बागेत बसावं लागलं. ज्या शिष्यवृत्तीने समुद्र ओलांडून नेलं, तिला बडोद्यात एक खोली मिळवून देता आली नाही.

सर : म्हणजे सयाजीरावांचं चुकलं?

ताई : तसं कोण म्हणतंय? त्या काळात एवढं करणारे संस्थानिक होते किती? माझं म्हणणं वेगळं आहे. शिष्यवृत्ती माणसाला गावाबाहेर काढते, गाव आहे तसंच राहतं. आपण एकाला परदेशी पाठवणार, चौकात ‘कॉलनीचा अभिमान’ म्हणून बॅनर लावणार. त्याच चौकातली दुसरी पोरगी फीपायी नर्सिंगचं दुसरं वर्ष सोडेल आणि तिचा बॅनर कुठेच लागणार नाही.

सर : तू वकील आहेस, कागद बघून बोल. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगोंना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. शिक्षणासाठी काय मागितलं त्यात? देशात विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्यांसाठी वर्षाला २ लाख रुपये आणि परदेशी जाणाऱ्यांसाठी १ लाख. गावोगावच्या प्राथमिक शाळांवर भर नव्हता, उच्च शिक्षणावर होता. मोक्याच्या खुर्चीवर आपला माणूस बसल्याशिवाय खालच्या हजारांच्या अर्जाकडे कुणी ढुंकून बघत नाही, हा त्यामागचा हिशेब. त्यातून १९४४ मध्ये मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. तीच मी घेतली, माझ्या खोलीतल्या तिघांनीही घेतली. तेव्हा थोड्यांना फार वर न्यायचं, ही माझी लहर नव्हे. ते धोरण बाबासाहेबांचंच आहे.

ताई : धोरण त्यांचं, पण पैसा कुणाकडे मागितला? सरकारकडे. अलीगढ आणि बनारसच्या विद्यापीठांना सरकार पैसा देतं, मग आमचा वाटा कुठे आहे, असा त्या निवेदनाचा सूर होता. कुणा सावकाराच्या दारात उभं राहून त्यांनी पोरांची हुशारी दाखवली नाही. आपण मात्र अर्जाचा नमुना छापायला घेतलाय आणि त्यात पहिला रकाना आहे किमान ७५ टक्के गुण.

सर : मग काय, नापासांना द्यायची?

ताई : मॅट्रिकला बाबासाहेबांना ७५० पैकी २८२ गुण होते. अडतीस टक्केही भरत नाहीत. सर, तुमच्या नमुन्यात त्यांचा अर्ज पहिल्याच चाळणीत जातो.

खजिनदारांनी नमुन्याचा कागद उलटा करून ठेवला. सरांना हे गुण माहीत नव्हते असं नाही. मला वाटतं, ते त्यांना माझ्यापेक्षा आधीपासून माहीत होते. पण माहीत असलेली गोष्ट आपल्याच कागदासमोर ठेवून बघणं निराळं.

सर : त्या काळचा मॅट्रिक आजच्या टक्क्यांत मोजू नकोस. त्या घरातला मुलगा मॅट्रिक झाला म्हणून चाळीत सत्कार झाला होता. त्याच सत्काराला केळुसकर आले आणि स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र हातात दिलं. त्यांनी गुणपत्रिका बघितली नव्हती. चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसणारा पोरगा बघितला होता.

ताई : मग मी दुसरं काय म्हणतेय?

सर : तू म्हणतेस टक्के काढा. मी विचारतो, त्या जागी काय ठेवायचं? केळुसकरांची नजर कुठून आणू? आपल्या समितीत अकरा माणसं आहेत. टक्के काढले की प्रत्येकाचा एक भाचा येईल. आकडा निर्दय असतो खरा, पण तो कुणाचा मामा नसतो.

इथे मी सरांच्या बाजूने आहे. गुणवत्तेच्या नावाने किती अन्याय होतो हे ताई रोज कोर्टात बघतात, तो त्यांचा अनुभव. पण छोट्या संस्थांमध्ये टक्केवारीचा रकाना येतो तो तत्त्वज्ञानातून नव्हे, एकमेकांच्या भीतीतून. तो काढायचा तर त्या भीतीचं काहीतरी करावं लागतं. ताईंनी त्यावर जे सुचवलं तिथून चर्चेला वेगळंच वळण लागलं.

ताई : हुशार कोण, हे आपण ठरवूच नये. ते विद्यापीठाने ठरवलेलं आहे, पोरीला प्रवेश मिळालाय. आपण एकच विचारायचं : जूनमध्ये किती रुपये कमी पडतायत? सर, तुमच्या वेळी शिष्यवृत्ती कशी यायची?

सर : उशिरा. पण मेस चालायची, कुणी हाकलत नव्हतं. उशिरा येणार हे कॉलेजलाच माहीत होतं. आमचीच संस्था होती ना ती. पीपल्स एज्युकेशन सोसायटी, बाबासाहेबांनी १९४५ मध्ये काढलेली.

ताई : आता ऐका. कागदावर योजना वाईट नाही. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राच्या मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींचा आराखडा मंजूर केला, त्यातला ६० टक्के वाटा केंद्राचा. पैसा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. फार छान. पण प्रवेश जून-जुलैत, फी तेव्हाच. आधी उत्पन्नाचा दाखला, त्यासाठी सेतूत रांग. मग जात वैधता प्रमाणपत्र, त्याची वेगळी तारीख. मग महाडीबीटीवर अर्ज, कॉलेजच्या लॉगिनला पडून राहतो, तिथून समाजकल्याणला. आधार खात्याला जोडलेलं नसलं की परत. राज्याचे ४० टक्के एकदा, केंद्राचे ६० टक्के एकदा. वर्ष संपतं. मधल्या काळात खासगी कॉलेजवाले म्हणतात, फी भरा, तुमची शिष्यवृत्ती आली की तुमच्याच खात्यात येणार आहे ना. परीक्षेच्या तोंडावर हॉलतिकीट अडवतात. पोरीची आई बचतगटातून उचलते, तिथे पुरलं नाही की मायक्रोफायनान्सवाल्याकडून. शिष्यवृत्ती येते तेव्हा तिच्यातलं बरंचसं व्याजात गेलेलं असतं. माझ्याकडे येतात त्या पोरींना शिष्यवृत्ती नामंजूर झालेली नसते. मंजूर झालेली असते.

सर : हे दर वर्षी?

ताई : दर वर्षी. आणि फक्त नर्सिंग-फार्मसीत नाही. बार्टी या सरकारी संस्थेच्या अधिछात्रवृत्तीसाठी पीएच.डी. करणारी मुलं आझाद मैदानावर जाऊन बसतात. ती अधिछात्रवृत्ती कुणाच्या नावाची आहे? बाबासाहेबांच्याच. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याच्या शेवटच्या पत्रात काय होतं बघा. सात महिन्यांची फेलोशिप थकली आहे, १ लाख ७५ हजार रुपये येणं आहे, ते घरी पोहोचवा. जाताना माणूस हिशेब लिहून ठेवतो. आपण मात्र नाव कुणाचं द्यायचं यावर अर्धा तास बोललो.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्यातल्या एकाने इंदू मिलचा विषय काढला, आणि तो निघणारच होता. दादरला उभं राहत असलेलं स्मारक, १०० फुटी चौथऱ्यावर ३५० फुटी पुतळा, हजार कोटींच्या पुढचा खर्च. जानेवारी २०२० मध्ये प्रकाश आंबेडकरांनीच म्हटलं होतं की तो पैसा वाडिया रुग्णालयाला द्या. आमच्या समितीत त्यावर दोन तट पडले आणि दहा मिनिटं त्यात गेली. माझं मत विचाराल तर पुतळा की शिष्यवृत्ती हा झगडा लटका आहे. ज्यांच्या आजोबांना गावच्या चावडीत उभं राहता येत नव्हतं त्यांना ४५० फूट उंचीचं मोल काय, हे बाहेरच्याने ठरवू नये. पण एक फरक आहे. पुतळ्याचं काम रखडलं तर वर्तमानपत्रात बातमी येते. शिष्यवृत्ती रखडली तर ती ज्याची त्याच्या घरातच राहते. असो. सरांनी सगळ्यांना विषयावर आणलं, ते त्यांना शाळेपासून जमतं.

सर : आता मी तुझीच गोष्ट तुला सांगतो. मघाशी म्हणालीस, शिष्यवृत्ती हा हक्क आहे, पैसा सरकारने द्यायचा. आणि आता म्हणतेस, सरकार उशीर करतं म्हणून वर्गणीतून भरा. आपण भरायला लागलो की सरकार आणखी निर्धास्त होईल. अधिकारी म्हणेल, त्यांचं त्यांनी बघितलंय. मग हक्क कुठे राहिला?

ताई : आपण भरायचं नाही, उसने द्यायचे. बिनव्याजी. सरकारचे आले की परत, पुढच्या जूनला दुसऱ्या पोरीला. आणि उसने देताना अर्जाची एक प्रत माझ्याकडे. कुणाचा अर्ज कुठल्या टेबलावर किती दिवस पडला, याची नोंद राहील. तेच घेऊन समाजकल्याणच्या आयुक्तांकडे जाता येतं. एकेकटी मुलगी गेली तर शिपाई परत पाठवतो.

सर : उसने दिलेले परत आले नाहीत तर?

ताई : काही येणार नाहीत. ते धरूनच चालायचं. सर, तुम्ही मघाशी गोष्ट १९१३ ची सांगितलीत. मी १९२० ची सांगते. लंडनचा अभ्यास पुरा करायला बाबासाहेब परत गेले तेव्हा बडोद्याची शिष्यवृत्ती नव्हती. सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे होते, शाहू महाराजांची मदत होती आणि नवल भथेनांकडून उसने घेतलेले होते. त्या पैशांवर बॅरिस्टर झाले, १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली. भथेना कोलंबियापासूनचे दोस्त. त्यांनी दहा वर्षं नोकरी कर असं लिहून घेतलं नाही. तुम्हाला निम्मं आयुष्य घडवणारी शिष्यवृत्ती दिसते, मला उरलेलं निम्मं दिसतं, ते उसनवारीवर झालं.

सरांनी मान हलवली. पटल्यासारखी नाही, एखाद्या विद्यार्थ्याने न शिकवलेलं उत्तर लिहिलं की हलवतात तशी.

सर : बरं. उसने तर उसने. पण विषयाचं काय? बाबासाहेबांनी ४२ साली विज्ञान-तंत्रज्ञान म्हटलं होतं. आपल्या मुलांना बी.ए. करून काय मिळतंय, मी बघतोय. निदान एवढं धरू, की पोट भरेल असं शिक्षण.

ताई : नको. विषयात हात घालायचा नाही. २०२२ मध्ये केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत काय घातलं माहीत आहे ना? अनुसूचित जातींच्या मुलांसाठी १९५४-५५ पासूनची ही योजना. त्यात कलम आलं की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतातल्या समाजाचा अभ्यास, हे विषय परदेशात शिकायला पैसे मिळणार नाहीत. आता मे १९१६ आठवा. कोलंबियात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी पहिला मोठा निबंध वाचला, तो कशावर? भारतातल्या जातींवर. एम.ए.ला विषय कुठला? प्राचीन भारतातला व्यापार. त्यांच्यासारखा अभ्यास करायला निघालेल्या मुलालाच त्या कलमाने दार बंद केलं.

सर : कारण दिलं होतं ना? की देशाबद्दल शिकायला बाहेर कशाला जायचं.

ताई : दिलं होतं. बाबासाहेबांनाही हाच प्रश्न विचारता आला असता. जातीबद्दल शिकायला न्यूयॉर्कला कशाला? महूपासून साताऱ्यापर्यंत शिकायला मिळत होतीच की. वर्गाबाहेर बसवलेल्या मुलाला जात माहीत असते. ती मोडायची कशी हे कळायला तिच्यापासून लांब जाऊन तिच्याकडे बघावं लागतं. सयाजीरावांचं मला सगळ्यात मोठं वाटतं ते हे. पैसे दिले, नोकरीचा करार लिहून घेतला, पण जातीवर लिहू नकोस म्हणाले नाहीत.

यावर सर बराच वेळ काही बोलले नाहीत. विषयाची अट त्यांनी सोडली, असं मी लिहून घेतलं. वसतिगृहाचाही मुद्दा कुणीतरी मांडला. पैशांपेक्षा खोली द्या. शाहू महाराजांनी कोल्हापूरभर बोर्डिंगं उभी केली, बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढलं. मुद्दा बरोबर होता, आमच्या ऐपतीबाहेरचा होता, म्हणून पाच मिनिटांत संपला. स्वाधार योजनेत मोठ्या शहरात वर्षाला ६० हजार मिळतात, ते तरी किती मुलांना माहीत आहेत, एवढं बोलून सगळे मूळ कागदाकडे वळले. आणि तिथे, शेवटच्या ओळीवर, दोघांची खरी गाठ पडली. सरांनी ती ओळ स्वतःच्या अक्षरात लिहिली होती : लाभार्थ्याने महिन्यातून दोन रविवार कॉलनीच्या अभ्यासिकेत शिकवण्याची लेखी हमी द्यावी.

ताई : ही ओळ काढा, सर.

सर : ही नाही काढणार. बाकी सगळं तुझं ऐकलं. १८ मार्च १९५६, आग्रा. त्या सभेत बाबासाहेब कुणाबद्दल रडवेले झाले? सनातन्यांबद्दल नाही. आपल्याच शिकलेल्या लोकांबद्दल. शिकतील, वर जातील, मागच्यांना हात देतील असं वाटलं होतं, आणि शिकले ते आपापलं पोट भरत बसले, असं म्हणाले. त्यानंतर नऊ महिन्यांत ते गेले. मी ४० वर्षं शाळेत काढली. मी शिकवलेले डॉक्टर आहेत, तहसीलदार आहेत, एक बँकेत फार मोठ्या जागेवर आहे. जयंतीला बोलावलं की म्हणतात, सर, यंदा जमत नाही. समाजाचं देणं नावाची काही गोष्ट आहे की नाही?

ताई : आहे. पण सही घेऊन वसूल करायची नाही. एक, ती पोरगी नर्सिंगला आहे. आठवडाभर वॉर्डात उभी असते, रविवारी घरचे कपडे धुते. तुमची हमी पाळायची तर तिने झोपायचं कधी? दोन, ज्यांच्या बापाने फी भरली त्यांच्याकडे कुणी लेखी हमी मागतं? ते शिकतात, अमेरिकेत जातात, तिथेच राहतात, आणि आपण त्यांना यशस्वी म्हणतो. आपल्या पोरांनी तेच केलं की गद्दार. शिकायला मिळणं ही आपल्यासाठी कायम उधारीच का असावी?

सर : कारण ती होतीच उधारी. माझ्या खोलीतल्या चौघांच्या शिष्यवृत्तीसाठी महाडच्या तळ्यावर डोकी फुटली होती लोकांची. ती माणसं शाळेत गेलेली नव्हती. त्यांच्या वाटणीचं मी शिकलो. दुसऱ्यांच्या घरात जाऊन मला विचारता येत नाही की तुम्ही समाजाला काय दिलं. विचारायला हवं, पण येत नाही. आपल्या घरात येतं. तेवढं तरी विचारू दे.

ताई : विचारा ना. विचारू नका असं मी म्हणतच नाही. लिहून घेऊ नका म्हणते. बडोद्याने लिहून घेतलं होतं. दहा वर्षांचा करार होता, बाबासाहेबांना तिथे काही दिवसांतच निघावं लागलं. कागदावर बघितलं तर करार त्यांनी मोडला. पण ते देणं त्यांनी फेडलं नाही असं म्हणायची तुमची हिंमत आहे? बडोद्याच्या नोकरीत फेडलं असतं तर आपल्याला काय मिळालं असतं? संस्थानचा एक चांगला अधिकारी.

सर : तो माणूस वेगळा होता.

ताई : बरं, तो वेगळा. तुम्ही? निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी दहावीचं गणित फुकट घेता. भारत सरकारने शिष्यवृत्ती देताना तुमच्याकडून रविवारची सही घेतली होती का?

सर : नाही.

ताई : मग?

सर : मला कायम वाटत आलंय की घेतली होती.

ताईंनी यावर काही उत्तर दिलं नाही आणि मला ते बरं वाटलं. आमच्याकडे बाबासाहेबांना वंदन करायचे कितीतरी प्रकार आहेत. जयंतीच्या आधी मुलं सलग १८ तास अभ्यासाला बसतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर फुलं-मेणबत्त्यांऐवजी एक वही, एक पेन घेऊन या, असं आवाहन होतं आणि वह्यांचे ढीग लागतात. यातलं कुणीही कुणाकडून लिहून घेत नाही. सरांना जे हवंय ते असं आपसूक येतं तेव्हाच टिकतं, असं माझं मत आहे. पण हेही खरं की ते आपसूक येत नाही. सरांसारखा कुणीतरी पंधरा-वीस वर्षं संध्याकाळी फळ्यापाशी उभा राहतो, मुलं ते बघतात, मग येतं. ते न येण्याची भीती सरांना वाटते, आणि सत्तरी ओलांडलेल्या शिक्षकाच्या भीतीला हसण्याइतकी आमची समिती अजून निबर झालेली नाही.

शेवटी ओळ बदलली. लेखी हमी गेली. उसने नेताना मुलामुलीने एकदा अभ्यासिकेत येऊन सरांना भेटावं, एवढंच राहिलं. ताईंनी विचारलं, भेटून काय बोलणार? सर म्हणाले, ते मी आणि ती बघू. ताईंनी त्यात ‘सक्ती नाही’ असे दोन शब्द कंसात घालायला लावले. सरांनी कंस काढला आणि शब्द ठेवले.

टक्केवारीचा रकाना गेला. त्या जागी ‘प्रवेश कुठे, फीची शेवटची तारीख, कमी पडणारी रक्कम’ असे तीन रकाने आले. भाच्यांच्या भीतीवर उपाय म्हणून ठरलं की रक्कम आणि तारीख अभ्यासिकेच्या फळ्यावर लिहायची, नाव नाही. परदेशी जाणाऱ्यासाठी सरांनी एक छोटा हिस्सा राखून ठेवायला लावलाच. चारातला एक. व्हिसाची फी सरकार आधी देत नाही, आणि पोरांनी फक्त नर्सिंग करायचं का, असं ते ताईंना सुनावून गेले. ताईंनी हरकत घेतली नाही.

सगळे उठायच्या बेतात असताना खजिनदारांनी विचारलं, चेक कुणाच्या नावाने काढायचा?

सर म्हणाले, कॉलेजच्या. ताई म्हणाल्या, मुलीच्या.

“तुमचा पोरीवर विश्वास नाही?”

“पोरीवर आहे. कॉलेजवर नाही. त्यांच्या नावाचा चेक दिला तर निदान पावती फाडावी लागेल.”

“आणि कॉलेजने तो मागच्या वर्षीच्या बाकीत वळता केला तर?”

खजिनदारांनी बॅग बंद केली. मी इतिवृत्तात लिहिलं : चेकचा विषय पुढील बैठकीत. पुढची बैठक जूनच्या पहिल्या रविवारी ठेवू, असं कुणीतरी सुचवलं, तर ताई आणि सर एकदमच म्हणाले, मे मध्ये ठेवा.